सात नंबरचं वजन

नगरच्या एमआयडीसीत एका कारखान्यात मी एकतीस वर्षं तपासनीस होतो. इंजिनात बसणारे लोखंडी भाग आम्ही बनवायचो आणि बाहेर जाणारा प्रत्येक खोका माझ्या टेबलावरून जायचा. माप केसभर चुकलं तरी मी त्या भागावर लाल रंगाचा पट्टा ओढायचो. लाल पट्टा म्हणजे भंगार, तो कुठल्याही गाडीत बसणार नाही याची खूण. महिनाअखेरीला माल पाठवायची घाई असली की प्रॉडक्शनवाले काकुळतीला यायचे, "एवढा एक लॉट सोडा साहेब" म्हणायचे. मी सोडला नाही. माझ्या पाठीमागे ते मला काय म्हणतात हे मला माहीत होतं आणि त्याचाही मला गर्वच होता.

हे सुरुवातीलाच सांगून टाकतो. पुढचं ऐकल्यावर असल्या बढाया मारायची सोय राहणार नाही.

निवृत्त झालो त्याच वर्षी रक्तात साखर निघाली. डॉक्टर म्हणाले, रोज पाच-सहा किलोमीटर चाला. सावेडीतल्या रस्त्यांवर चालायचं म्हणजे गाड्या चुकवायच्या आणि कुत्री हाकायची. हे ऐकून डॉक्टर हसले. ते स्वतः कॅन्टोन्मेंटच्या गोल्फ ग्राउंडवर खेळायला जायचे. "माझ्याबरोबर या," ते म्हणाले. "एक फेरी मारली की तुमचं चालणं झालं. काठी फिरवली नाही तरी चालेल."

ग्राउंड लष्कराचं, पण बाहेरच्या थोड्या लोकांनाही तिथे खेळता येतं. निवृत्त अधिकारी, दोन-तीन डॉक्टर, एक बिल्डर, एक हॉटेलवाला अशी मंडळी होती. कारखान्याच्या शेडमधून आलेला मी एकटाच. पाऊस संपला की तिथलं गवत पिवळं पडतं आणि उन्हाळ्यात चेंडूच्या मागे धूळ उडते. तरी मला तो खेळ लागला. चेंडू काठीच्या बरोबर मधोमध बसला तर हाताला काही जाणवत नाही, नुसता एक कोरडा आवाज येतो. जरा इकडे-तिकडे लागला की मनगटापर्यंत झिणझिण्या येतात. चूक किती आणि कुठे झाली ते लगेच कळतं. माझ्यासारख्या माणसाला आणखी काय पाहिजे?

ग्राउंडचं स्टोअर एक निवृत्त सुभेदार सांभाळायचे. पारनेरकडचे, बोलायला मोजके. त्यांनी मला एक जुना सेट वापरायला दिला होता. गोल्फच्या काठीला क्लब म्हणतात आणि एका सेटमध्ये असे दहा-बारा क्लब असतात. लांब मारायचा, मोठ्या डोक्याचा तो ड्रायव्हर. लोखंडी पात्याचे ते आयर्न, त्यांना नंबर असतात. मला दिलेल्या सेटचे क्लब तीन वेगवेगळ्या कंपन्यांचे होते आणि मुठींना इन्सुलेशन टेप गुंडाळलेली होती. सुभेदार म्हणाले, "हात बसूंद्या आधी. नवा सेट घ्यायची घाई करू नका."

मी घाई केली. चहाच्या वेळी बाकीच्यांच्या चकाकणाऱ्या बॅगा रांगेत उभ्या असायच्या आणि माझी बॅग भिंतीला टेकून एका बाजूला. कुणी काही बोलत नव्हतं. मलाच ते बोचत होतं.

मोबाईलवर एकदा नुसती किंमत बघितली आणि मग जाहिराती पाठच सोडेनात. त्यातली एक नावाजलेल्या परदेशी कंपनीची होती. पूर्ण सेट, बॅगेसकट, निम्म्याहून कमी किमतीत. खाली घड्याळ उलटं पळत होतं, ऑफर संपायला एवढी मिनिटं बाकी. लोकांचे अभिप्राय वाचले, सगळे छान होते. आज ते आठवतात तेव्हा कळतं की सगळे एकाच आठवड्यातले होते आणि चार जणांनी एकच वाक्य शब्दाला शब्द लिहिलं होतं. साइटच्या नावात कंपनीच्या नावापेक्षा एक अक्षर जास्त होतं. पत्ता नव्हता, फक्त व्हॉट्सॲपचा नंबर. पैसे कंपनीच्या खात्यात न जाता कुणा एका माणसाच्या नावावर गेले. हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं. कारखान्यात असला कागद कुणी माझ्यापुढे ठेवला असता तर मी त्याला उभं केलं नसतं.

माझी बायको काष्टीची. तिच्या वडिलांना बैलांची चांगली पारख होती, बाजारात लोक त्यांना मुद्दाम बोलावून न्यायचे. मी मोबाईल तिच्यापुढे धरला तर ती म्हणाली, "आमचे आण्णा बैलाचे दात बघायचे, खुरं बघायचे, चालवून बघायचे. तुमी निस्ता फोटू बघून घ्यायला लागले व्हय?"

"कंपनीचा माल आहे," मी म्हणालो. "बैल आहे का तो?"

पार्सल आठ दिवसांनी आलं. खोक्यावर दोन लेबलं होती, एकावर अहमदनगर आणि वरून चिकटवलेल्यावर अहिल्यानगर. पाठवणाऱ्याचं नाव पुसट. बॅग उघडली तर आतून नव्या सायकलच्या टायरसारखा वास आला. मला तो नवेपणाचा वास वाटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तो सेट घेऊन ग्राउंडवर गेलो. सगळे जमले होते. डॉक्टरांनी पाठीवर थाप मारली. सुभेदारांनी ड्रायव्हर उचलला, हातात फिरवला, नखाने टिचकी मारली. मग स्टोअरमध्ये गेले आणि लोहचुंबक घेऊन आले. कपाटाच्या दाराचं असतं तसलं, छोटं. ते त्यांनी ड्रायव्हरच्या डोक्याला लावलं. ते टक् करून चिकटलं.

"साहेब, ह्याच्यावर टायटॅनियम लिहिलंय," सुभेदार हळूच म्हणाले. "टायटॅनियमला चुंबक चिकटत नाही. नक्कल आहे ही."

ते हळू बोलले होते, पण सगळ्यांनी ऐकलं. बिल्डर म्हणाला, "म्हणजे क्वालिटीवाल्या साहेबांनाच रिजेक्ट माल मिळाला की!" आणि सगळे हसले. डॉक्टरही हसले. वाईट मनाने कुणी हसलं नव्हतं, हे मला आज कळतं. त्या वेळी माझे कान तापले होते. मी सेट उचलला, पोट बिघडल्याचं सांगितलं आणि घरी आलो.

त्याच दुपारी बायको भजनाला गेल्यावर मी जेवणाच्या टेबलावर चादर अंथरली आणि सगळे क्लब मांडले. कारखान्यातला जाडी मोजायचा जुना व्हर्नियर काढला, स्वयंपाकघरातला वजनकाटा घेतला, कोन मोजायचा मापक घेतला. खऱ्या सेटची मापं नेटवरून उतरवून घेतली. दोन तास मी त्या सेटची तपासणी केली. एवढं मन लावून मी निवृत्तीनंतर काहीच केलं नव्हतं. डोकं आणि दांडी जिथे जुळतात तिथे एक काळी रिंग असते, ती सगळ्या क्लबांवर सैल होती, नख आत जात होतं. डोक्याच्या मानेवरचा कंपनीचा नंबर खऱ्या क्लबवर बारीक कोरलेला असतो, इथे तो छापलेला होता आणि अंगठ्याने घासल्यावर पुसट झाला. नावातल्या दोन अक्षरांमधलं अंतर चुकलेलं. खऱ्या सेटमध्ये नंबर वाढत जातो तशी काठी आखूड होते आणि वजन थोडं थोडं वाढतं. या सेटचे सात नंबर आणि आठ नंबर मी तीनदा तोलले. ग्रॅमला ग्रॅम सारखे.

बायको आली तेव्हा काटा टेबलावरच होता. तिने तो उचलला, धुतला, जागेवर ठेवला. काही विचारलं नाही.

विकणाऱ्याला मी मेसेज केले. पहिल्यांदा "सर, टेक्निकल टीम बघेल" असं उत्तर आलं, मग नंबरच बंद झाला. ज्या ॲपवर जाहिरात पाहिली होती तिथे तक्रार केली. चार दिवसांनी उत्तर आलं, आपल्या समस्येचं निराकरण झालं आहे, आम्हाला किती तारे द्याल? सायबर पोलिसांच्या पोर्टलवर अर्ज भरला, त्याचा एक लांबलचक क्रमांक मिळाला. तो अजून माझ्याकडे आहे.

महिनाभर तो सेट दिवाणाच्या मागे पडून होता. तिथून जाता-येता बिल्डरचं हसणं मला ऐकू यायचं. मी ग्राउंडवर जाणं बंद केलं होतं. मग एक दिवस जुन्या वस्तूंच्या साइटवर फोटो टाकले. नाव, मॉडेल, 'एकदाच वापरलेला, घरगुती कारणामुळे विकणे आहे.' ओरिजिनल हा शब्द मी लिहिला नाही. न लिहिण्यात आपण प्रामाणिक राहिलो, असं मला खरंच वाटलं.

तिसऱ्या दिवशी एका बाईंचा फोन आला. संगमनेरच्या एका कॉलेजात ती खेळाची शिक्षिका होती, कंत्राटावर. रविवारी एसटीने आली. तीस-बत्तीसची असेल, काटक, केस घट्ट बांधलेले. पायांत धावायचे बूट. बायकोने तिला जेवायला बसवलं, कारण ती सकाळी सहाला निघाली होती आणि वाटेत काही खाल्लं नव्हतं.

जेवता जेवता तिने सगळं सांगितलं. माणसं पाथर्डीकडची, कोरडवाहू रान. आई-बाप दरवर्षी दसऱ्यानंतर ऊसतोडीला जायचे. ती मामाकडे राहून शिकली. धावायची, जिल्ह्यात नंबर यायचे, त्यावर शिक्षण निघालं. मध्ये दोन वर्षं पुण्याजवळच्या मुलींच्या एका निवासी शाळेत नोकरी केली, तिथे गोल्फचं छोटं मैदान होतं. मुलींबरोबर तीही शिकली आणि बरी खेळायला लागली. आता त्याच शाळेत गोल्फ शिकवायची कायमची जागा निघाली होती. पण त्यासाठी प्रशिक्षकाचं प्रमाणपत्र पाहिजे आणि प्रमाणपत्रासाठी परीक्षकांसमोर खेळून दाखवायचं. क्लब स्वतःचे आणायचे.

"नवा सेट मला जमण्यासारखा नाही, सर," ती म्हणाली. "आणि जुना घ्यायचा तर भीती वाटते. नकली लई आलेत म्हणतात."

मी बॅग तिच्यापुढे उघडली. तिने ड्रायव्हर हातात घेतला, उभी राहिली, हळूच फिरवून पाहिला. तिचा हात फार सुंदर फिरत होता. मग तिने माझ्याकडे बघून सरळ विचारलं, "ओरिजिनल आहे ना, सर?"

मी म्हणालो, "ताई, मी एकतीस वर्षं क्वालिटीत काढली."

ती हसली. "मग काय प्रश्नच नाही," म्हणाली.

बायको पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होती. ती तशीच मागे वळली.

आम्ही भावाची घासाघीस केली नाही. मी मागितलं त्याहून थोडं कमी घेतलं आणि वर मोठेपणा घेतला की तुमच्यासाठी म्हणून. माळीवाड्याच्या स्टँडपर्यंत रिक्षा करून दिली. बॅग मीच एसटीत चढवली. खिडकीतून तिने हात हलवला. घरी येताना मी मनात म्हणत होतो की कुणीतरी माझ्या गळ्यात मारलं, मी पुढे दिलं. ती तरी कशावरून पुढे विकणार नाही? असल्या मालाने काय खेळता येत नाही का? चेंडू तर जातो ना पुढे?

लाल पट्टा मारायचा माझा हात त्या दिवशी कुठे गेला होता, हे मला अजून सांगता येत नाही.

दोन महिन्यांनी, पुन्हा एका रविवारी, दाराची बेल वाजली. बायकोने दार उघडलं. ती होती. खांद्यावर तीच बॅग. आत आली, बॅग भिंतीला टेकवली आणि खुर्चीवर बसली. चेहऱ्यावर राग नव्हता. थकलेली दिसत होती.

"परीक्षा झाली, सर," ती म्हणाली. "सुरुवातीला चांगलं चाललं होतं. मग सात नंबरने मारला आणि डोकंच निघालं. चेंडू राहिला जागेवर आणि डोकं उडून तळ्यात. एक परीक्षक त्याच बाजूला उभे होते. हातभर अंतराने वाचले."

मी म्हणालो, "अरे देवा."

"त्यांनी माझी बॅग तपासली. दोन मिनिटांत सांगितलं, सगळा सेट नकली आहे. सगळ्यांसमोर. म्हणाले, असल्या क्लबने तुम्ही उद्या मुलींना शिकवणार? एका मॅडमनी त्यांचा सेट दिला मला, उरलेलं खेळायला. पण मारताना हात आखडत होता. झालंच नाही."

बायको खाली बसली. "आगं बाई," एवढंच म्हणाली.

"मी येताना एसटीत विचार करत होते," ती पुढे म्हणाली. "सरांनाही कुणीतरी फसवलं असणार. तुम्ही ऑनलाइन घेतला होता का?"

"हो. मलाही फसवलं," मी म्हणालो. हे खरं होतं, म्हणून जोरात म्हणालो.

"म्हणजे तुम्हाला माहीत नव्हतं."

"नाही," मी म्हणालो.

तिने मान हलवली. मग तिने बॅग ओढून पुढे घेतली. "मग आता मला एक शिकवा, सर. नकली ओळखायचा कसा? तुमचं आयुष्य त्यात गेलंय. पुढच्या वेळी मी घेताना तरी बघून घेईन. कॉलेजातल्या पोरींनाही सांगता येईल."

मला किती हायसं वाटलं, काय सांगू. माफी मिळाल्यासारखं वाटलं. मी चष्मा लावला, बॅगेतून एकेक क्लब काढला आणि नव्या भरती झालेल्या पोरांना शिकवायचो तसा सुरू झालो. आधी विकणारा बघायचा, म्हणालो. पत्ता आहे का, बिल देतो का, पैसे कुणाच्या नावावर मागतो. साइटचं नाव अक्षर-अक्षर वाचायचं. फोटो कंपनीचेच उचललेत की त्याच्या घरच्या टेबलावर ठेवून काढलेत, ते बघायचं. शंका आली तर मानेवरच्या नंबराचा फोटो मागायचा आणि कंपनीकडे विचारायचं. जो फोटो द्यायला कां-कूं करतो त्याच्याकडून घ्यायचं नाही. माल हातात आला की चुंबक लावायचं. ही काळी रिंग बघा, नख जातंय का. हा नंबर अंगठ्याने घासा. मुठीचा वास घ्या.

ती लक्ष देऊन ऐकत होती. मी सांगेन ते करून बघत होती. मला चढत गेलं.

"आणि सगळ्यात मोठी खूण वजनाची," मी म्हणालो. "खऱ्या सेटमध्ये नंबर वाढला की वजन थोडं थोडं वाढत जातं. यांना तेवढी तसदी कोण घेणार? या सेटचे सात आणि आठ तोलले तर ग्रॅमला ग्रॅम सारखे."

ती आठ नंबरची मूठ धरून बसली होती. तिने मान वर केली.

"सातचं डोकं तर तळ्यात गेलं, सर," ती म्हणाली. "तुम्ही तोललं कधी?"

अंदाजाने सांगितलं, नेटवर वाचलं होतं, अशी दोन-तीन उत्तरं जिभेवर आली. मी त्यातलं एक देणारही होतो. पण त्याआधी बायको बोलली.

"त्यांना म्हाईत हुतं, बाई," ती म्हणाली. "मी सोता बघितला टेबलावर काटा. तू यायच्या आधी म्हैनाभर. मी बी गप बसले. तुला जेवू घातलं आन गप बसले. माझं बी चुकलंच."

त्या शिक्षिकेने माझ्याकडे बघितलं. तिने आवाज चढवला असता, दोन शिव्या दिल्या असत्या, तर मला काहीतरी करता आलं असतं. तिने आठ नंबर अलगद बॅगेत ठेवला.

"मी लहानपणापासून फसवणारी माणसं बघितलीत, सर," ती म्हणाली. "उसाच्या फडावर वजनात मारणारी बघितली. त्यांचा मला कधी राग येत नाही. ती तोंडावरच दिसतात. तुम्ही मला एसटीत बसवायला आला होता."

मी आत गेलो, कपाटातून पैसे आणले, तिच्यापुढे ठेवले. जास्तीचे ठेवले होते. तिने स्वतःचे तेवढे घेतले, बाकीचे टेबलावर सोडले. उठताना बॅग तिथेच राहू दिली. मी म्हणालो, बॅग तरी न्या, बॅग चांगली आहे.

"नको," ती म्हणाली. "घरात राहिली तर मलाही एखाद्या दिवशी विकायची बुद्धी होईल."

बायको तिच्याबरोबर फाटकापर्यंत गेली. दोघी तिथे काहीतरी बोलत उभ्या होत्या. काय बोलल्या, ते मी कधी विचारलं नाही आणि बायकोने सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी तो सेट एका फॅब्रिकेशनच्या दुकानात नेला आणि ग्राइंडरवर एकेक क्लब कापून घेतला. दुकानदार म्हणाला, "साहेब, एवढा चांगला माल का कापताय? विकून टाका की." मी म्हणालो, काप. दांड्या आतून इतक्या पातळ होत्या की चाक टेकवताच तुटत होत्या. डोक्यांत वाळूसारखी भुकटी भरलेली होती.

मग मी त्या परीक्षा घेणाऱ्या संस्थेला पत्र लिहायला बसलो. पहिल्या कागदावर लिहिलं की माझीही फसवणूक झाली होती आणि नकळत हा सेट माझ्याकडून त्या परीक्षार्थीला गेला. वाचून पाहिलं. भाषा चांगली जमली होती. तो फाडला. दुसऱ्यावर तेच जरा फिरवून लिहिलं. चौथ्या कागदावर शेवटी लिहिलं की सेट नकली आहे हे मला ठाऊक होतं, मी ते लपवून विकला, परीक्षार्थीचा दोष नाही, तिला पुन्हा संधी द्यावी. सही केली आणि रजिस्टर पोस्टाने पाठवलं. तीन आठवड्यांनी दोन ओळींचं उत्तर आलं. आपल्या पत्राची नोंद घेतली आहे, पुढील परीक्षा पुढील वर्षी. त्या शाळेतली जागा तोवर भरली गेली होती. तिथे दुसरीच कुणी लागली, हे मला शाळेच्या साइटवरच्या फोटोत दिसलं.

ग्राउंडवर मी पुन्हा जायला लागलो. सुभेदारांना मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि तो टेप गुंडाळलेला सेट पुन्हा माझ्या हातात दिला. "खेळा," एवढंच म्हणाले. त्यानंतर ते माझ्याशी कामापुरतंच बोलतात. बाकीच्यांना काही माहीत नाही. आता कुणी ऑनलाइन काही मागवायचं म्हटलं की मोबाईल माझ्यापुढे धरतात. बिल्डर तर बिल आल्याशिवाय पेटी उघडत नाही, मीच त्याला तसं सांगितलंय. मी सांगतो ते सगळं बरोबर असतं. चार जण तरी माझ्यामुळे वाचले असतील. ते आभार मानतात तेव्हा मी चहाचा कप तोंडाला लावतो.

यंदा तिच्या परीक्षेची वेळ आली तसा मी तिला फोन केला. वर्षभर मेसेज पाठवत होतो, ते वाचल्याची खूण यायची, उत्तर यायचं नाही. फोन तिने उचलला. मागे मैदानावर पोरींचा गलका ऐकू येत होता.

"परीक्षा आहे ना या महिन्यात?" मी विचारलं. "माझ्या ओळखीच्या एका डॉक्टरांचा सेट आहे. खरा. मी स्वतः तपासलाय. ते द्यायला तयार आहेत, पैसे नकोत."

"अर्ज भरला नाही मी, सर."

"का?"

"काठी उगारली की वाटतं, डोकं उडेल आणि कुणाला तरी लागेल," ती म्हणाली. "चांगल्या सेटनेही खेळून बघितलं. हात मध्येच थांबतो. पोरींना धावायला शिकवते, ते बरं आहे."

मी काहीतरी म्हणालो, हळूहळू जाईल भीती, प्रयत्न करा, असलं काहीतरी. तिने मला बोलू दिलं.

"काकू बऱ्या आहेत ना?" तिने विचारलं.

"बऱ्या आहेत. बोलायचंय का त्यांच्याशी?"

"हो, द्या."

मी फोन बायकोकडे दिला. ती तो घेऊन मागच्या अंगणात गेली. दोघी अर्धा तास बोलत होत्या. बायको मध्ये एकदा हसली पण. मी आत बसून होतो. फोन परत आला तेव्हा तो कट झालेला होता आणि बायको म्हणाली, "तुमी आता तिला फोन करू नका. मला करायचा आसंल तवा मी करीन."